पासंग, वही आणि कर्तव्य

गेल्या अंकात मी कर्तव्यवादाची तोंडओळख करून दिली होती. कृती योग्य की अयोग्य हे नुसतं तिच्या परिणामांवरून ठरत नाही. काही गोष्टी आपण समोरच्याचं देणं लागतो म्हणून करायच्या असतात, आणि काही गोष्टी कितीही फायदा दिसला तरी करायच्या नसतात, असं मानणारा हा विचार. त्याची सर्वांत पक्की मांडणी अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं केली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांनी पुस्तकातला प्रश्न विचारलेला नाही, घरातला विचारला आहे. सांगलीत ३१ वर्षं हा विषय शिकवताना मला विद्यार्थ्यांकडून नेमकं हेच हवं असायचं.

मी २२ वर्षांची आहे. एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. पण धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची फी भरायची आहे, म्हणून घरचे म्हणतात, तू आता नोकरी धर, मोठ्या बहिणीचं ते कर्तव्यच आहे. काका गीतेचा दाखला देतात, फळाची आशा न धरता कर्तव्य कर. तुमचा कांटही हेच सांगतो ना?
– एक वाचिका, परभणी जिल्हा

नाही. आणि हा गैरसमज आपल्याकडे इतका घट्ट रुजला आहे की त्यावर जरा सविस्तर लिहिते.

'कर्तव्य' हा शब्द आपल्या घरांत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडून आपल्या अंगावर येतो. सुनेचं कर्तव्य, बायकोचं कर्तव्य, मोठ्या बहिणीचं कर्तव्य. ठरवणारा एक आणि करणारी दुसरीच. कांटच्या मांडणीत असं चालत नाही. नैतिक नियम मला बांधतो, कारण माझ्याच विवेकाला तो सर्वांसाठीचा नियम म्हणून पटलेला असतो. याला तो स्वायत्तता म्हणतो. काकांनी सांगितलं, राजानं सांगितलं किंवा धर्मगुरूनं सांगितलं, एवढ्यावरून काहीच कर्तव्य होत नाही. १७८४ साली बर्लिनच्या एका मासिकात त्यानं लिहिलं, स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस कर. हे लिहिणारा माणूस आज्ञाधारकपणाचा प्रचारक असेल कसा?

तरीही त्याच्या नावाचा तसा वापर झाला. नाझी अधिकारी आइखमन यानं लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहिली. १९६१ साली जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला, तेव्हा आपण कांटच्या नीतीप्रमाणे जगत आलो असं तो म्हणाला. न्यायाधीशांनी खोदून विचारल्यावर त्याला कांटचं सूत्र बऱ्यापैकी सांगताही आलं. पण त्यानं त्यातला कणाच काढून टाकला होता. 'माझ्या विवेकाचा नियम' या जागी त्यानं 'वरून आलेला हुकूम' बसवला. वर्गात हा भाग शिकवताना मी दरवर्षी थांबायचे. मुलं गप्प व्हायची आणि मीही.

आता तुझ्या घराकडे येऊ. कांट म्हणतो, कृतीमागचं सूत्र बाहेर काढ आणि ते सर्वांना लागू करून बघ. तुझ्या घरचे सूत्र सांगतात, 'मोठ्यानं धाकट्यासाठी शिक्षण सोडावं.' त्यांना शांतपणे विचार, भाऊ मोठा असता, मी धाकटी असते आणि माझी फी भरायची असती, तर त्याला एम.एस्सी. सोडायला सांगितलं असतं का? उत्तर 'नाही' आलं, तर खरं सूत्र वेगळंच आहे: 'मुलीनं मुलासाठी सोडावं.' ते सूत्र कुणी सर्वांसमोर उच्चारणार नाही. उच्चारायला लाज वाटते, यातच त्याची परीक्षा झाली.

आणखी एक सांगते. कांटनं कर्तव्याची जी चार उदाहरणं दिली आहेत, त्यातलं एक अंगातल्या गुणांचं आहे. आपले गुण गंजू देणं म्हणजे स्वतःचं देणं बुडवणं, असं तो म्हणतो. शिकणं ही तुझी हौस नाही, तेही कर्तव्य आहे. भावाला मदत करणं हेसुद्धा कर्तव्य आहेच, पण ते वेगळ्या जातीचं. पाठ्यपुस्तकांत याला पूर्ण आणि अपूर्ण कर्तव्य म्हणतात. मला हे शब्द आवडत नाहीत, 'अपूर्ण' म्हटलं की कमी दर्जाचं वाटतं. मी वर्गात काटेकोर आणि मोकळीक असलेली कर्तव्यं म्हणायचे. घेतलेलं कर्ज फेडणं काटेकोर, ते फेडायचंच. मदत करणं मात्र मोकळीक असलेलं. कुणाला, कधी, किती आणि कशी, हे ठरवायचा अधिकार मदत करणाऱ्याचा. तू दोन वर्षांनी हातभार लावीन म्हणालीस, तर कर्तव्य चुकवलं असं होत नाही.

काकांच्या गीतेबद्दल थोडक्यात. फळावर नजर नसावी, इथपर्यंत दोन्हींत साम्य दिसतं. टिळकांनी गीतारहस्यात कांटचा विचार गीतेशेजारी ठेवून पाहिला, तोही यामुळेच. पण अर्जुनाला सांगितलेलं कर्तव्य क्षत्रिय म्हणून त्याच्या वाट्याला आलेलं आहे. कांट जन्मापासून सुरुवात करत नाही. तो विचारतो, कुणीही विवेकी माणूस इथे असता तर त्यानं काय करायला हवं होतं?

माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी धंद्यात प्रामाणिक आहे, कारण प्रामाणिकपणा परवडतो, गिऱ्हाईक टिकतं. कांटच्या मते हा खरा प्रामाणिकपणा नाही, असं तुम्ही लिहिलंत. परिणाम तोच असेल तर हेतूनं काय बिघडलं?
– एक वाचक, इचलकरंजी

तुम्ही दुकानदार आहात आणि कांटचं उदाहरणही दुकानदाराचंच आहे. १७८५ सालच्या त्याच्या छोट्या पुस्तकात एक दुकानदार येतो. नवख्या गिऱ्हाइकाला तो चढा भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी त्याच भावानं माल देतो. कांट म्हणतो, हे वागणं कर्तव्याला धरून आहे, पण ते कर्तव्यापोटी आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. 'धरून' आणि 'पोटी' या दोन शब्दांमध्ये त्याचं अर्धं तत्त्वज्ञान आहे.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, वाईच्या बाजारपेठेत किराणा दुकान होतं. सकाळी झाडलोट झाली की अण्णा तागडीची दोन्ही पारडी फडक्यानं पुसून रिकामी सोडायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत हात मागे बांधून उभे राहायचे. मग एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात तेवढीच तूरडाळ. काटा मध्यावर आला की दोन्हींची अदलाबदल करायचे. अदलाबदलीनंतर काटा ढळला, तर तागडीत पासंग आहे. हलक्या बाजूच्या साखळीला ते तांब्याच्या तारेचा एखादा वेढा द्यायचे आणि पुन्हा पाहायचे. 'पासंगालाही पुरत नाही' हे आपण सहज बोलून जातो. मी तो पासंग रोज डोळ्यांनी पाहत वाढले.

मी दहा वर्षांची असताना एका संध्याकाळी दोनशे ग्रॅमच्या वजनाच्या बुडातलं शिसं निसटल्याचं त्यांच्या लक्षात आलं. वजन हलकं झालेलं, म्हणजे गिऱ्हाइकाला माल कमी गेलेला. आठ दिवसांपूर्वी वजनं घासली तेव्हा ते जाग्यावर होतं. कुणाची तक्रार नव्हती, एवढा फरक कुणाला कळलाही नसता. रात्री त्यांनी मला उधारीची वही घेऊन बसवलं. आठ दिवसांत दोनशे ग्रॅमनं काय काय गेलं ते मी वाचायचं आणि त्यांनी कागदावर लिहायचं. चहापत्ती, जिरं, मोहरी, सुकं खोबरं. ज्यांची नोंद सापडली त्यांच्या खात्यातून पैसे वळते केले. रोखीनं नेणाऱ्यांची नोंदच नव्हती, आणि ते त्यांना लागून राहिलं. महिनाभर दोनशे ग्रॅमच्या प्रत्येक पुडीत ते वर एक चिमूट टाकत राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्रीत दिसतं. प्रामाणिकपणा परवडतो तोवर 'परवडतो म्हणून' आणि 'देणं आहे म्हणून' या दोघांतला फरक बाहेरून दिसत नाही. तो दिसतो ते कुणी पाहत नसताना, पदरचं जात असताना. 'गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर खरं बोल' हा सोपाधिक आदेश झाला, म्हणजे 'असेल तर' या अटीवर टांगलेला. अट गेली की आदेशही गेला. उद्या एखादं गिऱ्हाईक कायमचं परगावी निघालंय, पुन्हा कधी येणार नाही, असं तुम्हाला कळलं तर? 'खरं बोल', बस्स, हा निरुपाधिक आदेश. त्याला 'तर' नाही.

तुमचा प्रामाणिकपणा खोटा आहे असं मी म्हणत नाही, आणि कांटही म्हणत नाही. तो कशावर उभा आहे हे अजून कसाला लागलेलं नाही, एवढंच. उधारीवरूनही हे तपासता येईल. कांटचंच दुसरं उदाहरण आहे: परत देता येणार नाहीत हे माहीत असताना 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून पैसे मागणारा माणूस. हे सूत्र सगळ्यांनी वापरलं, तर उद्या 'देतो' या शब्दावर कुणी दमडीही देणार नाही. म्हणजे ज्या विश्वासावर तो डल्ला मारतोय, तो इतरांनी राखलेला आहे.

मी एसटीत चालक आहे. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला येतो असा शब्द दिला होता. सुटीचा दिवस होता, मोटरसायकलवरून निघालो. घाटाखाली अपघात झालेला दिसला, दोन जखमी. त्यांना दवाखान्यात पोचवेपर्यंत गॅदरिंग संपलं. लेक बोलत नाही. मी चुकलो का?
– एक वाचक, सिन्नर

चुकला नाहीत. हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा एका तत्त्वज्ञानं विचारात घेतला आहे. ऑक्सफर्डचे डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० सालच्या ग्रंथात मांडलं की आपल्यावर एकच एक कर्तव्य कधी नसतं. शब्द पाळणं, केलेल्या नुकसानीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, दुसऱ्याचं भलं करणं, स्वतःला घडवणं आणि कुणाला इजा न करणं, अशी सात त्यांनी मोजली. ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्यं, म्हणजे दुसरं जड कर्तव्य आड येत नसेल तर पाळायचीच. दोघांची टक्कर होते तेव्हा त्या प्रसंगात कोणतं जड हे माणसानं नीट पाहून ठरवायचं, त्याचं तयार कोष्टक नाही. भेटीचा शब्द मोडून अपघातातल्या माणसाला मदत करणं योग्य, असं रॉसही म्हणतात.

पण त्यांचा पुढचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. हरलेलं कर्तव्य मरत नाही. तुम्ही बरोबर केलंत, तरी लेकीचं देणं राहिलंच. म्हणून 'मी काय मजा करत होतो का?' असं तिला म्हणू नका. माफी मागा, काय घडलं ते सगळं सांगा आणि तिनं गॅदरिंगमध्ये जे केलं ते तुमच्या एकट्यासाठी पुन्हा करून दाखवायला सांगा. पूर्ण वेळ बसून बघा.

कांट स्वतः तरी तसा वागला का? त्याचं वंशाविषयीचं लेखन वाचून मला धक्का बसला.
– एक विद्यार्थी, पुणे

धक्का बसायलाच हवा. १७६४ सालच्या पुस्तकात त्यानं कृष्णवर्णीय माणसांविषयी अत्यंत अपमानकारक लिहिलं आहे. १७९७ सालच्या ग्रंथात स्त्रिया आणि घरगडी यांना त्यानं मताधिकाराबाहेर ठेवलं. 'प्रत्येक माणसाला प्रतिष्ठा आहे, किंमत नाही' हे ज्यानं लिहिलं, त्यालाच 'प्रत्येक' या शब्दाचा आवाका पुरता पेलला नाही. हे झाकायचं कारण नाही. त्याच माणसानं १७९५ साली युरोपीय व्यापारी राष्ट्रांनी हिंदुस्थानात चालवलेल्या जुलमावर कठोर शब्दांत लिहिलं, हेही खरं. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

मला सर्वांत जास्त टोचते ती एका पत्राची हकीकत. १७९१ साली ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या तरुणीनं कांटला लिहिलं. तिनं तिच्या प्रियकरापासून पूर्वीचं एक प्रेम लपवलं होतं, मग सांगितलं आणि त्याचं मन थंड झालं. जगण्यात अर्थ उरला नाही, तुमच्याच लेखनानं मला जीव देण्यापासून रोखलंय, काही सांगा, असं ते पत्र. पुढच्या वर्षी कांटनं उत्तर दिलं. पुष्कळसं खरेपणावर, विचारपूर्वक लिहिलेलं. तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी नीतीचा पेच नव्हता, आतली पोकळी होती. कांटनं त्याला उत्तर दिलं नाही. तिची पत्रं त्यानं ओळखीच्या एका तरुण मुलीकडे पाठवली, भावनेच्या आहारी गेलं की काय होतं याचा नमुना म्हणून. दुसऱ्याला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे त्याचंच सूत्र, आणि इथे त्यानं मारियाचं दुःख धड्यासारखं वापरलं. १८०३ साली तिनं आयुष्य संपवलं. महिन्याला पाच-सहा अनोळखी माणसांची पत्रं मी उघडते, तेव्हा ही गोष्ट माझ्या मनात असते.

दुसरी बाजूही सांगते, कारण तीही त्याचीच आहे. १८०४ च्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, डॉक्टर भेटायला आले. ऐंशीला टेकलेला, नीट बोलताही न येणारा कांट थरथरत उभा होता आणि बसायला तयार नव्हता. पाहुणा बसल्याशिवाय तो बसणार नाही, हे कांटची काळजी घेणारा त्याचा मित्र वासियान्स्की यानं डॉक्टरांना समजावलं. ते बसले, मग कांट बसला आणि शब्द जुळवत म्हणाला की माणुसकीची जाणीव अजून मला सोडून गेलेली नाही.

माझी आई ७८ वर्षांची आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग निघालाय, पुढच्या टप्प्यातला. डॉक्टरांनी फक्त आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं. भाऊ म्हणतो, कळलं तर ती खचेल. आम्ही तिला अल्सर आहे असं सांगितलंय. परवा तिनं माझा हात धरून विचारलं, 'तू तरी खरं सांग.' मी म्हटलं, 'अगं काही नाही, गोळ्यांनी बरं वाटेल.' तेव्हापासून झोप नाही. कांट म्हणेल, खोटं कधीच बोलू नये. पण कांटला आई नव्हती का?
– एक वाचिका, डोंबिवली

होती. तो तेरा वर्षांचा असताना गेली. माझ्यात चांगुलपणाचं पहिलं बी तिनं पेरलं, असं तो म्हातारपणीही सांगायचा. वासियान्स्कीनं लिहून ठेवलंय की एक आजारी मैत्रीण औषध घेईना, म्हणून तिची समजूत काढायला कांटच्या आईनं त्याच चमच्यानं ते औषध घेऊन दाखवलं. तोच आजार तिला लागला आणि त्यात ती गेली. आजारी माणसापाशी बसणं म्हणजे काय, हे त्याच्या घराला ठाऊक होतं.

आधी कांट जिथे चुकला असं मला वाटतं, ते सांगते. १७९७ साली त्यानं एक छोटा लेख लिहिला. तुमच्या मित्राचा खून करायला निघालेला माणूस दारात येऊन विचारतो, तो घरात आहे का? कांट म्हणतो, तिथेही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. मला हे कधीच पटलं नाही. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचं व्रत घेतलेला कौशिक लुटारूंना खरं सांगतो की माणसं त्या झाडीत लपली आहेत. लुटारू त्यांना मारतात आणि कौशिक नरकात जातो. न बोलून भागत असेल तर बोलू नये, बोलणं भागच पडलं तर अशा वेळी खोटं बरं, हा तिथला निवाडा. टिळकांनीही गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात तो उद्धृत केला आहे. दारातल्या खुन्यापुरती मी कौशिकाच्या गोष्टीच्या बाजूनं आहे.

पण तुमची आई दारातली खुनी नाही. लुटारूला खोटं सांगताना आपण त्याच्या हातातलं शस्त्र बोथट करतो. आईला खोटं सांगताना आपण तिच्या हातातलं काय काढून घेतो?

हे मला अण्णांमुळे कळलं. १९८९ साली ते एका मोठ्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, तीन-चार आठवडे. आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, त्यांना कावीळ म्हणायचं. मी तेव्हा कॉलेजात कांट शिकवत होते आणि वडिलांना कावीळ सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात ते मला म्हणाले, 'दुकानातली निळी वही आण.' मी म्हटलं, 'घरी गेल्यावर बघू हो अण्णा, आता आराम करा.' दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यांनी विचारणं सोडलं. सोडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते. त्यांना कळलं होतं, आणि आम्ही त्यांच्याशी त्याबद्दल बोलणार नाही हेही कळलं होतं.

तेराव्यानंतर शेजारच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. 'अण्णांकडे माझे चारशे रुपये ठेवलेले होते, लेकाला कळू नये म्हणून.' निळी वही उघडली. त्यात गेल्या चार-पाच वर्षांचं काहीच नव्हतं, नुसती आद्याक्षरं आणि काही पानांवर फुल्या. खुलासा फक्त त्यांच्या डोक्यात होता. आम्ही बाईंना पैसे दिले. आणखी दोघी आल्या, त्यांनाही दिले. पण फुल्या अकरा होत्या. रोखीनं मोहरी नेणाऱ्यांची नावं माहीत नाहीत म्हणून महिनाभर चिमूटभर जास्त टाकणारा माणूस, आठ जणांचं देणं मागे ठेवून गेला. ते त्यांनी ठेवलं नव्हतं. आम्ही ठेवायला लावलं, कारण ते खचतील असं आम्हाला वाटलं.

माणसाला केवळ साधन मानू नये, या वाक्याचा अर्थ त्या अकरा फुल्यांनी मला जितका कळला, तितका वर्गात कधी कळला नव्हता. आम्हाला त्यांचा वापर करून घ्यायचा नव्हता, आमचं प्रेमच होतं. पण शेवटचे आठवडे कशात घालवायचे, हे त्यांचं ठरवणं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर 'ते खचतील' यात 'त्यांना सांगताना मला सोसवणार नाही' हेही मिसळलेलं होतं. तुमच्या भावाच्या बोलण्यात ते आहे का, हे त्याच्यावर न रागावता पाहा.

आता काय करायचं. खरं बोलायचं म्हणजे सगळं एकदम ओतायचं, असं नाही. कांटनंच हा फरक केला आहे: जे बोलू ते खरंच असलं पाहिजे, पण जे खरं आहे ते सगळं बोलायलाच हवं असं नाही. १७९४ साली राजानं त्याला धर्मावर लिहायला बंदी केली, तेव्हा तो गप्प बसला, पण आपली मतं बदलली असं खोटं बोलला नाही. किती ऐकायचं ते ठरवायचा हक्कही आईचाच. म्हणून आधी तिला विचारा, 'तुला काय वाटतं, काय झालं असेल?' ती काय म्हणते ते ऐका. मग, 'डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तुला ऐकायचंय, की औषधपाण्याचं आम्ही बघू?' 'तुम्हीच बघा' म्हणाली, तर थांबा. तो तिचा निर्णय, आणि त्यात खोटं काही नाही. 'सांग' म्हणाली, तर सांगा. अल्सर म्हटलं ते खोटं होतं, आम्ही घाबरलो होतो, हेही सांगा. वेदना कमी करायला काय काय करता येतं ते डॉक्टरांकडून आधी नीट समजून घेऊन जा, कारण तिचा पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल.

भावाला बरोबर घ्या. दुपारची वेळ निवडा, रात्रीची नको. रात्री भेटायला येणारी माणसं निघून जातात आणि ती एकटी पडेल. आणि जाताना पिशवीत एक कोरी वही आणि चालणारं पेन न्या.